गिरवणे कुठे थांबवावे?



या सदरात आपण बहुधा ठेवी, वारसनोंद, कर्जाची कागदपत्रे अशा रुक्ष विषयांवर बोलतो. चैत्राच्या या अंकात मात्र एका निराळ्या खात्याकडे वळतो आहे. शाळांच्या परीक्षा आटोपल्या की परिचित घरांतील सुना मला हमखास एक प्रश्न विचारतात : ‘काका, मुलाचे कर्सिव्ह काही सुधारत नाही, उन्हाळ्यात कोणता क्लास लावू?’ बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न का विचारला जातो, याचे मला आरंभी नवल वाटे. नंतर उमगले, की समाजातील बहुतेक घरांचे धनादेश आणि अर्ज माझ्या नजरेखालून गेले आहेत. कोणाच्या घरात अक्षराला वळण आहे आणि कोणाच्या नाही, हे मला ठाऊक असणार असा त्यांचा समज असावा. तो अगदीच चुकीचाही नाही.

क्लासचे नाव मी सांगत नाही. मुलाची वही मात्र पाहावयास मागतो. धाराशिवमधील एका घरी अलीकडेच अशी वही पाहिली. मुलगा सिनिअर केजीतला, म्हणजे पाच वर्षांचा. वही छापील, गुळगुळीत कागदाची. प्रत्येक पानावर इंग्रजी जोडाक्षरी वळणाची ठिपक्याठिपक्यांची अक्षरे आणि मुलाने पेन्सिलीने ते ठिपके जोडत भरलेल्या ओळीच्या ओळी. पान दुरून पाहिले तर मोत्याची सर वाटावी. मी एका कोऱ्या कागदावर फक्त एक आडवी रेघ मारून दिली आणि म्हटले, ‘बाळा, यावर तेच अक्षर काढ.’ त्याने आधी एक वर्तुळ काढले, हात उचलला, शेजारी एक दांडी उभी केली आणि दोन्ही एकमेकांना चिकटली नाहीत म्हणून खोडरबर मागितला. साठ पाने गिरवूनही ते अक्षर त्याचे झालेले नव्हते.

यात त्या लेकराचा काहीच दोष नाही. ठिपक्यांचे पान फक्त शेवट तपासते, वाट तपासत नाही. इंग्रजीतील लहान ‘ए’ वरून उजवीकडून सुरू होतो, डावीकडे गोल वळतो, खालून फिरून पुन्हा वर येऊन मिटतो, तसाच खाली उतरतो आणि शेपटीने पुढच्या अक्षराकडे हात करतो. हे सारे एका दमात घडावयाचे असते. मूल ठिपके जोडताना कोठूनही सुरुवात करते, दर दोन ठिपक्यांना थांबते, उलट्या दिशेनेही फिरते. आणि तरीही पूर्ण झालेले अक्षर बरोबरच दिसते. बाई त्यावर लाल शाईने बरोबरची खूण करतात. सुट्या अक्षरांत ही लबाडी काही काळ खपून जाते. जोडून लिहावयाच्या अक्षरांत खपत नाही, कारण तेथे एका अक्षराचा शेवट हीच दुसऱ्याची सुरुवात असते. वाट चुकली की सांधा चुकतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : गिरवणे उत्तम, पण ते योग्य वेळी थांबविले तरच. खालची रेघ ही मुलाने घेतलेली उसनवारी आहे. ती फेडण्याची तारीख ज्या वहीत लिहिलेली नाही, ती वही विकत घेऊ नये.

हे केवळ माझ्या अनुभवाचे बोल नाहीत. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स आणि त्यांच्या सहकारी लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अद्याप वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरे हाताने काढावयास दिली, काही गिरवावयास दिली आणि काही कळफलकावर दाबावयास दिली. त्यानंतर तीच अक्षरे डोळ्यांपुढे आली असता मेंदूचा कोणता भाग जागा होतो, हे यंत्राने पाहिले. वाचनाशी संबंध असलेले भाग जागे झाले ते मुलाने स्वतः काढलेल्या अक्षरांनी; गिरवलेल्या किंवा दाबलेल्या अक्षरांनी तसे झाले नाही. प्रयोगातील मुले थोडी होती, त्यामुळे त्यावरून फार मोठा इमला उभारू नये. परंतु त्याचा रोख आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेशी इतका जुळतो, की तिच्याकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते.

त्या शाळेत कागद नव्हता. लाकडी पाटावर बारीक धूळ किंवा विटकरीची पूड पसरायची, तिच्यावर गुरुजींनी बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे आणि मुलाने त्याच चरातून बोट फिरवायचे. हीच धूळपाटी, आणि तिच्यावरची ती धुळाक्षरे. पाट हलविला की अक्षर नाहीसे होई. दुसऱ्या पायरीवर कित्ता येई : वर गुरुजींच्या हातची एक ओळ, खाली मुलाने ती पाहून उतरावयाची. येथे खालची रेघ गेली, डोळ्यांपुढचा नमुना तेवढा उरला. तिसऱ्या पायरीवर नमुनाही जाई. गुरुजी सांगत आणि मूल लिही. ‘कित्ता गिरवणे’ हा वाक्प्रचार आपण आज सहज वापरतो, पण त्यातील दोन शब्द हे वस्तुतः दोन निरनिराळ्या इयत्ता होत्या. आजच्या छापील वहीने पहिली इयत्ता साठ पानांची केली आणि दुसरी गाळून टाकली.

त्या धुळीत पहिले जे उमटे त्याचा आपल्याशी विशेष संबंध आहे. महाराष्ट्रातील मुले श्रीगणेशाच्या पाठोपाठ ‘ओनामासीधं’ म्हणत आणि काढीत. आरंभाला ‘ओनामा’ म्हणतात ते त्यावरूनच. मूळ शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’. तो म्हणणाऱ्या शेकडो पिढ्यांना त्याचा अर्थ ठाऊक नसेल, पण सिद्धांना नमस्कार केल्यावाचून या भूमीत अक्षर सुरू होत नसे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता कर्सिव्हविषयी. हा शब्द इंग्रजी शाळांबरोबर आला, म्हणून ती कलाही परकी असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात मराठीला स्वतःची जोडलिपी सात-आठ शतके होती. मोडी ही ती लिपी. यादवांचा मंत्री हेमाद्री म्हणजे हेमाडपंत याच्याशी परंपरा तिचा संबंध जोडते. बाळबोधीत आपण अक्षर काढून मग शिरोरेषा देतो. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे टांगीत जायचे, लेखणी शक्य तितकी न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दांत जागा सोडलेली नाही, विरामचिन्हे नाहीत. सारा भर वेगावर. शिवकाळात चिटणिशी वळण आले. पुढे बोरूच्या जागी टाक आला, तेव्हा अक्षर आणखी बारीक व तिरके झाले. मुंबई इलाख्याने १९१७ साली सरकारी कामकाजासाठी बाळबोधीला पसंती दिली, तरी पेढ्यांवर आणि घरोघरच्या पत्रव्यवहारात मोडी त्यानंतरही कितीतरी वर्षे टिकून होती.

आपला जिल्हा तर त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हताच. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि राजभाषा उर्दू होती. त्या काळातील व्यापाऱ्याच्या मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. शाळेत उर्दू, दुकानाच्या वहीत मोडी, मंदिरात किंवा स्थानकात बाळबोध. कोणाकोणाच्या घरी गुजराती किंवा मारवाडी महाजनी वळण. मी बँकेत लागलो तेव्हा नमुना स्वाक्षरीच्या पत्रांत मोडीत सही करणारे काही वृद्ध व्यापारी अजून होते, आणि उर्दूत सही करणारेही. त्यांची सही दहा वर्षांपूर्वीच्या पत्राशी ताडून पाहिली तर तसूभर फरक नसे. आमचे एक शाखाधिकारी थट्टेने म्हणत, की या मंडळींना छाप मारण्याचा शिक्का देवाने हातातच बसवून दिला आहे.

या दोन लिप्यांच्या नावांत एक मौज आहे. अक्षरे मोडून लिहिली म्हणून ती मोडी, असे सांगतात. उर्दू-फारसी दफ्तरांतील धावत्या लिपीला शिकस्ता म्हणतात, आणि ‘शिकस्ता’ या फारसी शब्दाचा अर्थही मोडलेली असाच आहे. दोन भाषांतील कारकुनांनी आपल्या घाईच्या अक्षराला एकच नाव द्यावे, हा योगायोग खचित नव्हे. जोडलेले अक्षर हे मोडलेलेच अक्षर असते. आणि जे अखंड आहे तेच मोडता येते. म्हणूनच आपल्याकडे आधी बाळबोध, मग मोडी. बाळांना बोध व्हावा अशी ती पहिली लिपी, हे तिच्या नावातच आहे. ज्या मुलाच्या हाताला इंग्रजीची सुटी अक्षरे नीट बसलेली नाहीत, त्याला सिनिअर केजीत जोडाक्षरे गिरवावयास लावणे म्हणजे पाया भरण्यापूर्वी गच्चीला उतार देणे होय. शाळा स्पर्धेसाठी हे करतात, पालक कौतुकापोटी सोसतात. माझ्या मते दुसरी इयत्ता ही कर्सिव्हची योग्य वेळ, त्याआधी नाही.

कित्ता पाहून उतरविणे हे एके काळी मुलांचेच काम नव्हते. आपल्या समाजाचा अर्धा ज्ञानवारसा त्याच कृतीने वाचला आहे. येत्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी आहे. गिरनारच्या गुंफेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना जे मुखाने दिले, ते षट्खंडागम ग्रंथरूपाने पूर्ण होऊन त्या तिथीला पूजिले गेले, अशी दिगंबर परंपरा आहे. त्याची धवला टीकेसह ताडपत्रे मूडबिद्रीला जुन्या कन्नड लिपीत राहिली. ती उतरवून बाहेर आणावीत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी जीव टाकला, त्यांत आपल्या शेजारच्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद झवेरी हे दोघे व्यापारी होते. नकला होण्यात वर्षानुवर्षे गेली. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला तो १९३९ साली. आणि आपल्याच भूम तालुक्यातील कुंथलगिरीवर १९५५ साली ज्यांनी सल्लेखना घेतली, त्या आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हेच सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. ताडपत्रावरून कागदावर उतरविणाऱ्या लेखकापाशी खाली ठिपके नव्हते. एक डोळा मूळ पत्रावर, दुसरा स्वतःच्या हातावर. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समासच रचला आहे. ग्रंथाचे पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. गिरवून गिरवून असा हात येत नाही.

मग घरी करावे काय? येथे मी ऋतूंचा आधार घेतो. आणि तो भाविकतेने नव्हे, हिशेबाने घेतो. व्यापारी घरात मुलाजवळ बसावयास वेळ कोणाला आणि केव्हा असतो, हे ऋतूच ठरवितात. दसऱ्यापासून सोयाबीनची आवक सुरू झाली की आडत दुकानातला माणूस घरी जेवावयास येतो तोच उपकार. लग्नसराईत कापडवाल्याची तीच गत. वर्षभर रोज अर्धा तास असा संकल्प आपल्या घरांत आठ दिवसही टिकत नाही. त्यापेक्षा ज्या ऋतूत जे साधन सोयीचे आणि जो माणूस मोकळा, त्या ऋतूत तेवढेच करावे.

उन्हाळ्याला आपल्या जिल्ह्यात तोटा नाही, आणि शहाबादी फरशीलाही नाही. सकाळी नऊच्या सुमारास, फरशी तापू लागलेली पण पाय पोळण्याइतकी नाही, अशा वेळी ओसरीवर बसावे. गाळलेले पाणी वाटीभर पुरे. आजीने किंवा आजोबांनी बोट बुडवून वीतभर उंचीचे एक अक्षर फरशीवर काढावे. काळसर दगडावर ते ओले अक्षर लखलखीत दिसते. मुलाने लगेच त्याच वाटेने ओले बोट फिरवावे. तेवढ्यात अक्षराचे एक टोक सुकू लागते. दुसऱ्या खेपेला निम्मे अक्षर गेलेले असते. ते आठवून पुरे करावे लागते. तिसऱ्या खेपेला फरशी कोरडी. येथे उसनवारी फेडून घेण्याचे काम ऊन करते, कोणाला रागवावे लागत नाही, आणि मुलाला तर तो पाण्याचा खेळच वाटतो. मोठे अक्षर काढताना मुलाचा खांदा आणि कोपर हलतो, बोटांवर ताण येत नाही. चार-पाच वर्षांच्या हाताला तेच हवे असते. या वयात उभी आणि आडवी रेघ जमते, गोलही जमतो, तिरकी रेघ जरा मागून येते. म्हणून ‘ग, म, भ, न’ हा जुना मराठी क्रम उत्तम. त्यातील अक्षरे एका कुळातली आहेत; एकाची वाट सापडली की बाकीची जवळजवळ सापडतात.

ज्यांच्या घरी फरशीच्या जागी गुळगुळीत टाइल्स आल्या आहेत, त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणावा, त्यातून अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवावीत आणि मुलाला त्यांवरून बोट फिरवू द्यावे. ही युक्ती मारिया माँटेसरी यांची. त्या १९३९ साली भारतात आल्या, परंतु त्याच्या कितीतरी आधी भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक यांनी त्यांची पद्धत येथील मातीत रुजविली होती. खरखरीत कागदावर बोट फिरताना डोळ्यांइतकेच कातडीलाही अक्षर कळते. मात्र नियम तोच : तीनदा बोट फिरवावे, मग पुठ्ठा पालथा घालावा आणि मुलाने ते अक्षर हवेत किंवा धान्याच्या ताटात काढावे.

जूनमध्ये शाळा उघडते आणि पाऊस येतो. आषाढ-श्रावणात बाजार थंड असतो, चातुर्मासामुळे घरातील वडीलधारी माणसे गावीच असतात आणि त्यांचा स्वाध्याय चालू असतो. माझ्या हिशेबाने अक्षराचा खरा हंगाम हाच. या दिवसांत दगडी पाटी आणि पेन्सिल घ्यावी, कागद नको. पाटीच्या वरच्या भागात मोठ्या माणसाने एक शब्द लिहावा, खाली मुलाने पाहून उतरावा. मग खालचा शब्द पुसावा, पुन्हा उतरावा. मग दोन्ही पुसावे आणि लिहावयास सांगावे. दहा मिनिटे झाली की पाटी बाजूला ठेवावी, मूल आणखी मागत असले तरी. आजोबांनी शेजारी आपली पोथी उघडून बसावे, लेकरू आपली पाटी घेऊन बसेल. मुले उपदेशापेक्षा शेजार लवकर उचलतात.

पाटीवरचे हे दोन महिने पर्युषणाला फळ देतात. संवत्सरीला आपण हल्ली शे-दोनशे जणांना एकच रंगीत चित्र मोबाईलवरून पाठवितो आणि तितकीच चित्रे आपल्यालाही येतात. कोणी कोणाची क्षमा मागितली हे दोघांनाही ठाऊक नसते. यंदा मुलाकडून एकच कार्ड लिहून घ्यावे. श्वेतांबर घरात ‘मिच्छामि दुक्कडम्’, दिगंबर घरात ‘उत्तम क्षमा’, आणि खाली स्वतःचे नाव. ज्या भावंडाशी वर्षभर भांडण झाले त्याला किंवा दूरच्या मावशीला ते टपालाने पाठवावे. ओळ वाकडी गेली तरी नवे कार्ड देऊ नये. पोरांना कळते, की आपले अक्षर कोणीतरी खरोखर वाचणार आहे. आणि मग ती जीभ बाहेर काढून जे लक्ष देतात, ते ठिपक्यांच्या वहीने कधी पाहिलेले नसते.

दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांनी रेखाटलेली सरस्वती ही तर सर्वांना ठाऊकच आहे. तीही आधी गिरवून आणि मग पाहून काढता येते. त्यानंतर दिवाळीपर्यंत नवीन काही सुरू करू नये. घरात कोणाला वेळ नसतो आणि अर्धवट सुरू केलेले मोडते. पण वहीपूजनाला मुलाला जरूर बसवावे. आपल्यापैकी पुष्कळांच्या पेढीवर नव्या वहीत ‘श्री’ची उतरंड रचतात, वर एक आणि खाली चढत्या संख्येने, गौतमस्वामींची लब्धी आणि अभयकुमारांची बुद्धी मागतात. त्या उतरंडीची सर्वांत खालची ओळ नातवंडाला लिहू द्यावी, असे मी सुचवितो. यावर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आक्षेप घेतला, की वही म्हणजे काही सरावाची पाटी नव्हे. मला ते पटत नाही. वरच्या ओळी आजोबांच्या, खालची नातवाची, हा कित्ताच नाही का? आणि खरा व्यवहार आता संगणकात आहे, कायद्याचे वर्ष ३१ मार्चला संपते. दिवाळीची वही उरली आहे ती याच कामासाठी. श्वेतांबर घरांत पाचच दिवसांनी ज्ञानपंचमी येते. पुस्तकांबरोबर मुलाची पाटी-पेन्सिलही त्या दिवशी पाटावर मांडावी.

हिवाळ्यात, मार्गशीर्ष ते माघ, चाररेघी वही काढावी. दुसरी-तिसरीतील मुलांचे इंग्रजी कर्सिव्ह या काळात. येथेही अक्षरक्रमाने जाऊ नये, हालचालीच्या कुळाने जावे. डावीकडे गोल वळणारी सी, ए, डी, जी, ओ ही एक टोळी. वर वेलांटी घेणारी एल, ई, एच, के, बी ही दुसरी. कमान करणारी एन, एम ही तिसरी. प्रत्येक अक्षर फार तर एक ओळ गिरवावे, दोन ओळी पाहून काढावे आणि लगेच दोन अक्षरे जोडावयास घ्यावीत, कारण सांधा हाच कर्सिव्हचा प्राण आहे.

डावखुऱ्या मुलांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आपल्या घरांत अजूनही त्यांचा हात बांधावयास निघालेली माणसे भेटतात. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला उजव्या हाताने लिपी आणि सुंदरीला डाव्या हाताने अंक शिकविले, ही कथा वाचकांना सांगावयास नको. ज्या हाताने अंकविद्या आली, त्या हाताला व्यापाऱ्याने तरी नावे ठेवू नयेत. डावखुऱ्या मुलाची वही वरच्या बाजूने थोडी उजवीकडे कलती ठेवावी, पेन्सिल टोकापासून जरा वर धरावयास सांगावी आणि नमुना उजव्या बाजूला लिहावा. डाव्या बाजूला लिहिला तर त्याच्याच हाताखाली झाकला जातो. एवढे केले की बाकी सारे इतरांसारखेच.

छापील मराठी वह्या घेताना ‘ल’ आणि ‘श’ ही दोन अक्षरे तेवढी तपासावीत. परप्रांतात छापलेल्या वह्यांत ती हिंदी वळणाची असतात; मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. मूल हिंदी वळण गिरवून येते आणि मराठीच्या बाई तेच खोडतात, असे मी पाहिले आहे.

आता हमखास येणारा प्रश्न : यूपीआयच्या काळात हे सारे कशासाठी? प्रश्न रास्त आहे. फिनलंडने २०१६ पासून शाळांत जोडाक्षरी लेखनाची सक्ती सोडली. अमेरिकेतही २०१० च्या सुमारास अनेक राज्यांच्या अभ्यासक्रमातून ते गळाले. पुढे कॅलिफोर्नियाने २०२३ साली कायदा करून पहिली ते सहावीसाठी ते परत आणले. जगाचे एकमत नाही, आणि माझाही कर्सिव्हबद्दल हट्ट नाही. सुटे, स्वच्छ, वाचता येणारे इंग्रजी अक्षर मला पुरेसे वाटते. हट्ट आहे तो हाताला स्वतःची वाट सापडण्याचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांचे झालेले मूल, बँकेच्या धोरणात बसत असेल तर, आपले बचत खाते स्वतः चालवू शकते. म्हणजे चौथी-पाचवीत त्याला नमुना स्वाक्षरी द्यावी लागते, आणि पुढे कित्येक वर्षे तिच्याशी त्याची प्रत्येक सही ताडली जाते. ठिपक्यांवर वाढलेला हात दर खेपेला निराळी सही करतो. तरुण खातेदारांचे धनादेश सही जुळत नाही म्हणून परत पाठविण्याची पाळी आमच्यावर वारंवार येई, आणि त्या मुलांना आपले काय चुकले हेच कळत नसे.

धनादेशावर रक्कम अंकांत आणि अक्षरांत वेगळी पडली, तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ अक्षरांतली रक्कम खरी धरते. व्यापारात अंकांना मान फार, पण कायद्याने शेवटचा शब्द अक्षरांना दिला आहे, ही गोष्ट मी प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना आवर्जून सांगत असे. धनादेशावर तारखेखेरीज कोठेही खाडाखोड चालत नाही. खोडरबर हाती घेऊन शिकलेल्या पिढीला हे जड जाते.

खर्चाचे म्हणाल तर एक पाटी, पेन्सिलीचा डबा, एक चाररेघी वही आणि वाटीभर पाणी. क्लास नको, बक्षीस नको, आणि ‘शेजारच्याचे अक्षर बघ’ हे तर मुळीच नको. प्रत्येक ऋतूच्या शेवटी मुलाने नमुना न पाहता लिहिलेले एक पान तेवढे काढून घ्यावे, मागे तारीख टाकावी आणि दुकानाच्या जुन्या फाइलमध्ये लावावे. गिरवलेली पाने रद्दीत गेली तरी चालतील.